आरोळीवाले महारुद्रआप्पा

महारुद्रआप्पांशी बोलायचं तर आपला कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागे. माणूस इतकं हळू बोलायचा की पहिल्या भेटीत मला वाटलं, ह्यांना काहीतरी गुपित सांगायचं असावं. मी नुकताच साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात क्लार्क म्हणून लागलो होतो. उसाच्या बैलगाड्या जिथं नंबर लावून उभ्या राहतात त्या केनयार्डाच्या फाटकावर एक उंच, सुकलेला वॉचमन उभा होता. खाकी सदरा, पांढरं धोतर आणि ऐन उन्हाळ्यात गळ्याला लोकरीचा मफलर. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी सायकल स्टँडला लावली, जवळ गेलो, कान पुढं केला.

"सायेब," ते म्हणाले, "च्या घेतला का?"

एवढंच होतं. ह्याच माणसाच्या आवाजासाठी पुढं लोक टेंपो करून यायला लागले, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही.

आप्पा मूळचे लिंबागणेशकडच्या डोंगरातले. घरची म्हसरं आणि शेळ्या. बापजाद्यांनी जन्मभर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या जनावरांना आरोळ्या मारल्या. त्या आरोळीत शब्द नसायचा. "जनावराला शब्द कुठं कळतो?" आप्पा कुजबुजायचे. "त्याला मानूस कळतो. आन् शब्द घातला की आवाज जड व्हतो. लांब जात न्हाई."

आवाज ही चीज ते जपून ठेवत. थंड पाणी प्यायचे नाहीत. खिशात खडीसाखर असायची, तीही बीडहून आणलेली. आमच्या कारखान्याच्या साखरेनं घसा बसतो असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी खुद्द चेअरमनसाहेबांनाही सांगितलं होतं. अर्थात चेअरमनसाहेबांना ते ऐकू गेलं नाही. घरी कौसाकाकूंशी भांडण झालं की कॉलनीला अर्धंच भांडण ऐकू यायचं. काकू कडाडायच्या, मग थोडी शांतता, मग पुन्हा काकू: "काय म्हणलाव? मोठ्यानं बोला की!" मग पुन्हा शांतता. अशा भांडणात कोण जिंकलं हे कधीच कळायचं नाही. आप्पांना बहुधा तेच हवं असायचं.

त्यांची आरोळी मी पहिल्यांदा ऐकली ती यार्डातला लाऊडस्पीकर जळाला त्या दिवशी. भर दुपार. गाडीवान गाड्यांखाली झोपलेले, कारखान्याच्या गव्हाणीत टाकायला ऊस नाही, आणि चीफ इंजिनिअर फाटकावर उभे राहून सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार करत होते. आप्पांनी मफलर सोडला, त्याची नीट घडी केली, ती माझ्या हातात दिली, एक हात कानावर ठेवला आणि आरोळी मारली.

कशी होती ते लिहून दाखवता येत नाही. खाली कुठूनतरी निघाली, माळावरून सरपटत गेली आणि मग एकदम उभी राहिली. यार्डातले सगळे बैल एकाच वेळी उठले. सगळे गाडीवानही उठले. आपलाच नंबर आला असं प्रत्येकाला वाटलं आणि सगळ्या गाड्या एकदम फाटकावर आल्या. तो गुंता सुटायला दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी आप्पांना मेमो मिळाला: यापुढे आरोळी मारण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. आप्पांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "बगा," ते म्हणाले, "आवाजाला परमिशन लागायलीय."

मग पाऊस गेला. एका साली गेला, दुसऱ्या सालीही गेला. होता नव्हता तो ऊस लोकांनी जनावरांपुढं टाकला. कारखाना सुरूच झाला नाही. केनयार्डात जिथं गाड्या लागायच्या तिथं चारा छावणी उघडली आणि दावणीला म्हशी, बैल, वासरं उभी राहिली. आम्ही कामगार अर्ध्या पगारावर कॅन्टीनपुढं बसून एकमेकांची तोंडं बघायचो.

त्या रिकामपणात केतनसाहेबांनी बँड काढला. केतन हा पुण्याहून आलेला शिकाऊ इंजिनिअर. केस रबरानं बांधायचा आणि त्याच्यापाशी इलेक्ट्रिक गिटार होती. आमचा राजू वेल्डर लग्नाच्या वरातीत ताशा वाजवायचा. त्याला केतननं ड्रमवर बसवलं. लॅबमधला एक जण कीबोर्डवर. मी शाळेत वक्तृत्वात बक्षिसं मिळवली होती म्हणून निवेदक. रॉक बँड. नाव काय ठेवायचं यावर कॅन्टीनमध्ये वाद झाला आणि शेवटी 'गळीत हंगाम' हे नाव ठरलं. चेअरमनसाहेबांनी लगेच मंजुरी दिली. म्हणाले, "हंगाम तर हाईच न्हाई, निदान नाव तरी चालू राहू द्या."

केतनच्या मुख्य गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबायची आणि तिथं त्याला एक जबरदस्त किंकाळी हवी होती. त्यानं स्वतः करून पाहिली, राजूनं करून पाहिली. कॅन्टीनचं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

"आपल्याकडं मानूस हाय," राजू म्हणाला.

साखरेच्या रिकाम्या गोदामात आप्पांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केतनचा कान जवळ घेऊन विचारलं, "हाक मारायची कुणाला?"

"कुणालाच नाही," केतन म्हणाला. "नुसती मारायची."

"कुणालाच न्हाई, तर मारायची कावून?"

केतननं त्यांना रॉक संगीताविषयी बरंच सांगितलं. आतली घुसमट, तरुणांचा राग, व्यवस्था वगैरे. आप्पा मान हलवत होते.

"म्हंजे रागानं मारायची."

"करेक्ट!"

"राग आला तर मी बोलतच न्हाई," आप्पा म्हणाले.

केतननं गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला. शेवटी तोडगा आप्पांनीच काढला. मंगल नावाची त्यांची एक म्हैस होती, फार पूर्वी विकलेली. "तिला बोलवल्यावानी करतो. ती काय यायची न्हाई. तुमचं काम व्हईल." त्यांनी मफलर सोडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि मंगलला बोलावलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परतली. केतन रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसला. मग म्हणाला, "परत एकदा?"

"आता उद्या," आप्पा म्हणाले आणि मफलर गुंडाळून गेले.

छावण्याछावण्यांतून आमचे कार्यक्रम सुरू झाले. आप्पा सुरुवातीपासून स्टेजवर खुर्चीत बसायचे, हात गुडघ्यांवर, एखाद्या सत्कारमूर्तीसारखे. गाण्यातली ती जागा आली की उठायचे, मफलर सोडून माझ्या हातात द्यायचे, आरोळी मारायचे, मफलर परत घ्यायचे आणि बसायचे. केतनची गाणी लोकांना कळत नव्हती, पण आरोळीच्या आधी ती सोसावी लागतात एवढं त्यांना कळलं होतं. उशिरा येणारा माणूस पहिल्यांदा विचारायचा, "झाली का?" झाली म्हटलं की तसाच माघारी फिरायचा. केतनला ह्याचं वाईट वाटे. पण आरोळी झाली की तोही डोळे मिटून उभा राहायचा, ते मी पाहिलं आहे.

छावणीतला चारा संपत आला तेव्हा चेअरमनसाहेबांना कल्पना सुचली. आपल्या केनयार्डातच मोठा कार्यक्रम करायचा. तिकीट पैशात नाही, चाऱ्यात. कडब्याची पेंढी, उसाचं वाढं, शेवरीचा पाला, ज्याच्यापाशी जे असेल ते. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे प्रचारात कसूर झाली नाही. गावोगाव जीप फिरली: 'गळीत हंगाम, आणि आरोळीवाले महारुद्रआप्पा!'

त्या दिवशी ऊन कलायच्या आधीपासून लोक येऊ लागले. फाटकावर पेंढी म्हणजे केवढी यावरून वाद झाले. काहींच्या पेंढ्या मुठीएवढ्या होत्या. एक जण चक्क केरसुणी घेऊन आला आणि तीही पाल्याचीच असते म्हणून आत गेला. आलेला चारा तसाच दावणीला जात होता. जनावरं मान वर न करता खात होती. मैदान भरलं, स्टेजवर खुर्ची मांडली, आणि खुर्चीत आप्पा नव्हते.

कॉलनीत नव्हते, कॅन्टीनमध्ये नव्हते. कौसाकाकू म्हणाल्या, दुपारी भाकरी खाऊन गेले. आम्ही घाबरलो. तेवढ्यात लिंबागणेशचा टेंपो आला आणि त्यातली मंडळी हसत उतरली.

"आप्पा कुठं दिसले का?" मी विचारलं.

"दिसले की! वाटंवरच्या जुन्या हिरीत रियाज करायलेत. आमी थांबून ऐकलं. लई मोकळा लागलाय आवाज. आमी वरून हात केला, त्येनीबी हात केला."

जीव भांड्यात पडला. मी स्टेजवरून जाहीर केलं की आप्पा विहिरीत रियाज करताहेत आणि कोणत्याही क्षणी येतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेळ गेला. आप्पा आले नाहीत. तेव्हा तिसऱ्या रांगेतून भीमरावनाना उठले. नाना गेवराईकडचे, कारखान्याचे जुने सभासद. वार्षिक सभेत प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"मुद्द्याचा प्रश्न हाय!" नाना म्हणाले. "आरोळीवाला हजर न्हाई. म्हंजे गणपूर्ती न्हाई. गणपूर्ती न्हाई तर कार्यक्रम बेकायदेशीर."

"अनुमोदन!" मागून कुणीतरी ओरडलं.

चेअरमनसाहेबांनी सवयीनं माझ्या हातातला माईक घेतला. "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. अर्ध्या तासानं सभा याच ठिकाणी घेण्यात येईल. तिला गणपूर्तीची अट राहणार नाही."

कुणालाही ह्यात काही वावगं वाटलं नाही. सगळं मैदान अर्धा तास निमूट बसून राहिलं. केतननं मला विचारलं, "हे काय चाललंय?"

"नियमाप्रमाणं चाललंय," मी म्हणालो.

मग कार्यक्रम सुरू झाला. पुढं बीडच्या क्लासेसची काही पोरं बसली होती. ती खूश होती. म्हणाली, म्हाताऱ्याकडं लक्ष नसल्यामुळं आज गिटार ऐकू येतेय. म्हाताऱ्यांचं म्हणणं, हे म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. लेकरं मांडीवर झोपलेल्या बायांना आरोळी नाही हेच बरं वाटत होतं. लिंबागणेशची मंडळी निवांत पान चघळत होती. "आमची काय तक्रार न्हाई, आमी ऐकून आलोत," असं ते ज्याला त्याला सांगत होते आणि त्यामुळं बाकीचे जास्तच पेटत होते.

"म्हंजे तुमी फुकटात ऐकली!"

"वाटंत ऐकली. वाटंवर तिकीट हाय का?"

मुख्य गाणं आलं. राजूनं ड्रम बडवत नेला आणि थांबवला. सगळं थांबलं. ती जागा आपण गिटारनं भरून काढू असं केतननं ठरवलं होतं, पण त्याचा हात उचललाच गेला नाही. सगळ्या मैदानानं माना पुढं केल्या. रिकाम्या खुर्चीकडं बघत सगळे थांबले.

आणि मग कुठूनतरी मागून एक बारीक आरोळी आली. मग दुसरी. मग सगळीकडून. प्रत्येकानं ती घरी कधीतरी चोरून करून पाहिलेली असणार. मैदानच्या मैदान ओरडायला लागलं. पानवाले लिंबागणेशकर ओरडले, क्लासची पोरं ओरडली, दावणीची जनावरं दोर ताणून हंबरायला लागली. केतनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो नंतर म्हणाला की आयुष्यात एकदाच त्यानं खरा रॉक ऐकला, आणि त्यात तो स्वतः काहीच वाजवत नव्हता.

भीमरावनानांचं मत वेगळं पडलं. "आमीच वरडायचं तर चारा आमी कावून द्यायचा? आमची पेंढी परत करा!"

हे लोकांना पटलं. "पेंढी परत! पेंढी परत!"

"अहो, ती जनावरांनी खाल्ली!" चेअरमनसाहेब म्हणाले.

"कुणाच्या जनावरानं?"

नाना शोधायलाच निघाले. त्यांच्या पेंढीला पिवळ्या सुतळीची गाठ होती. ती सुतळी त्यांना एका परक्या म्हशीच्या पायाशी सापडली. म्हशीच्या तोंडातून कडब्याचं शेवटचं ताट लोंबत होतं. नाना तिच्यापुढं उभे राहिले. म्हैस त्यांच्याकडं बघत चावत राहिली. मालक शांतपणे म्हणाला, "घ्या नाना काढून. मी धरतो तिला."

हे सगळं चालू असताना कौसाकाकू मैदानात शिरल्या. पदर खोचलेला, चाल तरातरा. इतक्या कार्यक्रमांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. नवरा चारचौघांत ओरडतो ह्याची त्यांना लाज वाटे. त्या सरळ स्टेजवर चढल्या आणि माझ्या हातातला माईक ओढून घेतला.

"तुमचा आरोळीवाला हिरीत पडलाय. दोर घिऊन चला."

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पुढचा आयटम.

"टाळ्या कशाच्या वाजवायलाव, मुडद्यांनो! दोर घ्या!"

तेव्हा मात्र मैदान उठलं. जनावरांचे कासरे, मोटेचा जुना नाडा, छावणीतली एक बाज, हाताला लागेल ते घेऊन सगळे वाटेला लागले. जाता जाता काकूंनी सांगितलं. आप्पा घरच्या म्हशीला पाणी पाजायला आले नाहीत म्हणून त्या शोधत निघाल्या. विहिरीपाशी आल्या तर आतून आरोळी. त्या वाकल्या.

"हितं काय करायलाव?"

"अडकलोय."

"मग सांगायचं न्हाई व्हय कुणाला?"

"दुपारधरनं सांगायलोय की!"

"हिरीनं आवाज मोठा केला," काकू मला म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून आज पैल्यांदा त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं."

झालं होतं असं. आप्पांनी स्वतःची आरोळी कधी ऐकली नव्हती. आज एवढी माणसं येणार, तर आपण नेमकं देतो काय ते एकदा ऐकावं म्हणून ते कोरड्या विहिरीत उतरले. तिथं आवाज फिरून माघारी येतो. अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पुढं लाकडी शिडी. शिडीची कड तुटली आणि पाय मुरगळला. मग त्यांनी मदतीसाठी आरोळ्या मारल्या. वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबला, ऐकून "वा आप्पा!" म्हणाला आणि कार्यक्रमाला उशीर होईल म्हणून पुढं गेला.

विहिरीच्या काठावर गर्दी झाली. दिवस बुडत होता. खाली आप्पांचा पांढरा सदरा तेवढा दिसत होता. कार्यक्रमासाठी नवा घातलेला. लिंबागणेशचा एक जण ओशाळून म्हणाला, "आप्पा, तुमी हात केला तवा..."

"मी हात केला, तुमीबी हात केला," खालून आवाज आला. "मंग तुमी गेलाव."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, वर काढायच्या आधी एक डाव व्हऊन जाऊ द्या! चारा दिलाय आमी!" काहींनी त्याला दुजोरा दिला. भीमरावनाना धक्के देत पुढं आले. मला वाटलं, आता हे ठराव मांडणार. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि नाडा धरला. "आदी मानूस वर घ्या बे. प्रश्न मागून."

बाज खाली सोडली. पन्नास हातांनी आप्पांना वर ओढलं. ते बाजेवर बसूनच वर आले, मफलर मांडीवर घडी केलेला. सगळ्यांकडं पाहिलं आणि मला बोटानं बोलावलं. मी कान नेला.

"ड्रम थांबलेला ऐकू आला मला," ते म्हणाले. "माजी जागा आलती. मी दिली."

"काय दिलं?"

"आरोळी. ती मदतीची नव्हती. गान्याची दिली. टायमाला."

मी हे लोकांना सांगितलं आणि नवाच वाद पेटला. आपण सगळे ओरडत होतो तेव्हा एक आवाज डोंगराच्या अंगानं आला होता, असं निम्मे लोक शपथेवर सांगू लागले. निम्मे म्हणाले, थापा. तो वाद अजून मिटलेला नाही. गेवराईच्या बाजारात आजही ह्यावरून दोन तट पडतात.

"पण आप्पा, 'वाचवा' असं का नाही ओरडलात?" केतननं विचारलं.

"शब्द घातला की लांब जात न्हाई," आप्पा म्हणाले.

पाय बरा होईपर्यंत ते घरीच होते. हळदीचा लेप, वर चिंध्या. भेटायला रीघ लागली. कुणी रागवायला यायचं, कुणी पाया पडायला. कुणी नुसतंच सांगायला यायचं की तुमच्याविना कार्यक्रम जास्त चांगला झाला. आप्पा सगळ्यांना सारखाच चहा पाजायचे. भीमरावनाना आले तेव्हा आप्पांनी काकूंना खूण केली आणि घरातली एक पेंढी त्यांच्यापुढं ठेवायला लावली. नाना भडकले.

"मी पेंढीसाठी आलो व्हय?"

"मंग कशासाठी आलाव?"

"निषेध नोंदवायला," नाना म्हणाले आणि दिवसभर बसून राहिले. जेवूनच गेले.

पुढचा कार्यक्रम गेवराईच्या बाजूला एका छावणीवर होता. विहिरीची गोष्ट सगळीकडं झालेली, त्यामुळं गर्दी कधी नव्हे एवढी. जागा आली. आप्पा उठले, मफलर माझ्या हातात दिला, कानावर हात ठेवला आणि आरोळी मारली.

समोरचे निम्मे लोक धावत सुटले. एक जण दोर घेऊन, एक जण पाण्याची कळशी घेऊन. मागून एक म्हातारी विचारत होती, "कोण पडलं गं बाई?" दहाबारा जण स्टेजवर चढले, आप्पांचे दंड धरले, पाय चाचपले. "आप्पा, काय झालं? कुठं लागलं?" त्या गडबडीत केतनच्या गिटारची वायर निघाली आणि गाणं तिथंच मेलं.

त्यानंतर दोनदा असंच झालं. मी आधी स्टेजवरून स्पष्ट जाहीर करून पाहिलं की ही आरोळी गाण्याचा भाग आहे, कोणीही धावू नये. लोक म्हणायचे, "गानं असंल. पन बगून यायला काय जातंय?"

तिसऱ्यांदा परत येताना टेंपोत आप्पा केतनशेजारी बसले आणि त्याचा कान जवळ घेतला. मी पलीकडं होतो, मलाही वाकावं लागलं.

"सायेब, बास झालं आता."

"आप्पा, लोकांना सवय होईल हो. समजेल हळूहळू."

"तसं न्हाई. मी तुमाला इचारलतं, कुणाला हाक मारायची. तुमी म्हणलाव, कुणालाच न्हाई. तवा कुणी येतबी न्हवतं." त्यांनी मफलर सारखा केला. "आता येत्यात. येत्यात, तर उगं बोलवून कावून फसवायचं?"

केतननं पुण्यापर्यंत पुरतील एवढे मुद्दे मांडले. आप्पांनी खिशातली खडीसाखर तोंडात टाकली.

बँड त्यांच्याविना काही दिवस चालला. खुर्ची तशीच ठेवायचो. काही लोक यायचे बंद झाले, काही नवे यायला लागले. पुढं पावसानं साथ दिली, ऊस आला, बॉयलर पेटला. रात्रपाळ्या सुरू झाल्या आणि वाजवायला कुणाला सवड उरली नाही. केतन पुण्याला परतला. वार्षिक सभेत भीमरावनानांनी प्रश्न विचारला की कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होताच 'गळीत हंगाम' बंद कसा पडला, आणि ह्याला जबाबदार कोण? चेअरमनसाहेबांनी चौकशी समिती नेमली. समितीचा मी सचिव होतो. तिची बैठक गणपूर्तीअभावी कधी झाली नाही.

मीही पुढं ती नोकरी सोडली आणि बीडला आलो. आप्पा मला शेवटचे दिसले ते गेवराईहून बीडकडं येताना, एसटीच्या खिडकीतून. गाडी दाराच्या पायरीपर्यंत भरलेली. रस्त्याच्या कडेला, थांबा वगैरे नसलेल्या जागी ते उभे होते. खाकी सदरा गेला होता, अंगाला पांढरी बंडी, काखेत छत्री. त्यांनी हात दाखवला. ड्रायव्हरनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि गाडी पुढं काढली. आप्पांनी हात खाली घेतला. तोंडसुद्धा उघडलं नाही. छत्री दुसऱ्या काखेत घेतली आणि बीडच्या दिशेनं चालायला लागले.

मी उठून दोरी ओढली. घंटा वाजली, गाडी बऱ्याच पुढं जाऊन थांबली. कंडक्टर माझ्यावर तडकला. "गाडी हाय का बैलगाडी? आन् त्या म्हाताऱ्यानं एक हाक मारायला काय झालतं?"

मी खिडकीतून डोकं काढून मागं पाहिलं. थांबलेली गाडी बघून आप्पाही थांबले होते. रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुसरं कुणी नव्हतं. पण गाडी कुणासाठी थांबली असेल हे बघायला त्यांनी आधी मागं वळून पाहिलं.